साताऱ्याच्या राजपथावर एसटीला वाट : वेळा कुणाच्या सोयीने ठरवायच्या?

गोडोलीकर
परवा संध्याकाळी सव्वासहाला राजवाड्याच्या एसटीत बसलो. देवी चौकाच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे दुकानासमोर छोटा हत्ती उभा, फाळका खाली, पोरगा पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स एकेक करून उतरवतोय. समोरच्या अंगाला दोन कार, आत कुणी नाही, इंडिकेटर मात्र चालू. म्हणजे कायद्याने उभी आहे असं समजायचं! कंडक्टर खाली उतरून दुकानादुकानांत "ही गाडी कुणाची हो?" विचारत फिरला. अकरा मिनिटं गेली. गाडीत बसायला ४४ सीटं, उभे धरून साठाच्या वर माणसं. अडवणारे तीन.

माझं म्हणणं एवढंच. पोवई नाका ते मोती चौक, सकाळी ९ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८, कार लावायची नाही, माल उतरवायचा नाही आणि सरळ निघून जाणाऱ्या चारचाकीने खालच्या रस्त्याने, म्हणजे कर्मवीर पथाने जावं. एसटी, रिक्षा, दुचाकी, रुग्णवाहिका चालू. वेगळी लेन आखायला आपल्या रस्त्यावर जागा नाही हे मलाही दिसतं, म्हणून लेन मागत नाही, वेळ मागतोय. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर (चौकाखालचा भुयारी रस्ता) २०२१ च्या जानेवारीत सुरू झाला, तिथून गाड्या खालून सुसाट येतात आणि पुढे येऊन राजपथात तुंबतात. नळ मोठा केला, मोरी तेवढीच.

पेठेतला दुकानदार
५ ते ८ म्हणजे आमचा गल्ला. सकाळी दुकान उघडून झाडलोट, दुपारी माश्या, गिऱ्हाईक येतं ते दिवेलागणीलाच. त्या तीन तासांत कार बंद केली की लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब हायवेलगतच्या शोरूमला जाणार. पार्किंग आहे, एसी आहे. आम्ही काय, पाटी बघत बसायची?

आणि मालाचं. पुण्याहून रात्री निघालेला माल सकाळी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला पडतो. तिथून वाटणी होऊन छोटा हत्ती आमच्या दारात यायला साडेदहा वाजतात. तुमच्या बंदीत बरोबर सापडतो. ९ च्या आत माल मागवा म्हणणाऱ्याने एकदा त्या गोडाऊनला सकाळी सातला जाऊन शटर वाजवून बघावं.

खालचा रस्ता
मी कर्मवीर पथावर राहतो. राजपथ मोकळा व्हावा म्हणून सगळ्या कार आमच्या दारावरून? आमच्याकडेही शाळा आहेत, दवाखाने आहेत. एकाची मोरी तुंबली म्हणून दुसऱ्याच्या अंगणात पाणी सोडायचा हा प्रकार.

कागदवाला
चर्चा चालू द्या, पण पत्ता चुकवू नका. अशी बंदी पालिका स्वतःच्या अधिकारात घालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५. त्यात राज्य सरकार किंवा सरकारने नेमलेला अधिकारी ठरावीक रस्त्यावर ठरावीक गाड्यांना बंदी घालू शकतो. आपल्याकडे असे वाहतूक बदल जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या आदेशाने निघतात. पालिकेकडे राहतं रस्ता, पट्टे, अतिक्रमण, पार्किंगची जागा.

त्याच कलमात सोयीची तरतूद आहे : बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नाही, गावात नीट जाहीर केली की पुरे. म्हणजे महिनाभर करून बघता येतं. नाही जमलं तर गुंडाळा.

समर्थ मंदिर
"नीट जाहीर" वर हसू आलं. एका चौकातली पाटी रोज बघते. वेळ बदलली तेव्हा जुन्या आकड्यावर पांढरा रंग फासून नवा लिहिला. दोन पावसाळे गेले, रंग उडाला, आता खालचा ९ आणि वरचा १० दोन्ही दिसतात. माझ्या भाच्याला तिथेच ५०० ची पावती. "कुठली वेळ खरी?" विचारलं तर उत्तर, "पाटी वाचा."

बंदीला विरोध नाही. पण तासांशी खेळ करू नका. सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे, शनिवारचे तिसरेच, सणाला चौथे. माणसाच्या डोक्यात एकच वेळ राहते.

सातासमुद्रापार, मूळचा करंजेकर
वेळांवरून आठवलं. लंडनमध्ये हेच झालं. मुख्य रस्त्यांवरच्या बऱ्याच बस लेन ठरावीक तासांपुरत्या होत्या, जानेवारी २०२१ पासून त्या चोवीस तास केल्या. आधी प्रयोग म्हणून, त्या डिसेंबरात कायम. म्हणजे तासांची भानगडच मिटवली. काळ्या टॅक्सी आणि सायकलीही त्या लेनमधून जातात. परवानगी नसलेली गाडी घुसली की कॅमेरा, मग घरी टपाल.

पेठेतला दुकानदार
लंडनला दर दोन मिनिटांनी बस येत असेल हो. आमच्याकडे लेन केली तर तिच्यात कुत्री झोपतील. पुण्याने २००६ ला कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन केली, पुढे काय झालं ते बघितलं. दिल्लीने तर बांधलेली २०१६ ला उखडली.

गोडोलीकर
अहमदाबादने २००९ ला केली, ती अजून चालू आहे, तेही सांगा की. आणि पुन्हा सांगतो, मी लेन मागत नाहीये. लंडनचंही आपल्याला जसंच्या तसं नको, तिथे रस्त्याला चार-चार पदर. त्यातली एकच गोष्ट घेण्यासारखी : टॅक्सीला सोडतात. म्हणून रिक्षा मी पहिल्यापासून चालूच धरली आहे.

तीन सीट
रिक्षावाला आहे. चालू धरल्याबद्दल आभार, पण चौकात कोपऱ्यावर उभं राहून सीट भरायची की नाही तेही लिहा. खरं बोलायचं तर एसटीला आम्हीपण अडवतो. आमच्यातलेच चार जण चिडतील, चिडू देत.

परळी खोरं
सातारकरांनो, राजवाड्यापुढेही गाव आहे. आमची गाडी समर्थ मंदिरावरून बोगद्यातून वर जाते. तुमच्या पेठेत वीस मिनिटं गेली की गाडी उशिरा, आणि उशिराची गाडी गावात पोचून परत फिरेपर्यंत पुढची फेरीच रद्द. मुलगी सातच्या गाडीने येणार म्हणून आई फाट्यावर बॅटरी घेऊन उभी असते. दुकानदारदादा म्हणतात बस कुठे आहेत. तुमच्या दारात अडकल्यात.

रविवारचं मात्र वेगळं. फुलांच्या दिवसांत कास पठारावर जाणाऱ्या गाड्यांनी बोगदा असा भरतो की राजपथ मोकळा करून काडीचा फायदा नाही. रविवारी बंदी करायची तर तिकडे करा.

पेठेतला दुकानदार
बॅटरीचं वाचून बोलती बंद झाली, खोटं कशाला बोलू. बरं, सकाळचे दोन तास धरा. माल ११ नंतर घेतो, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडण माझ्याकडे. संध्याकाळी कार लावायला बंदी चालेल, गिऱ्हाईक सोडून पुढे जायला बंदी चालणार नाही. आणि दिवाळीचे पंधरा दिवस यातलं काहीही नको.

खालचा रस्ता
म्हणजे कार राजपथावरूनच जाणार, फक्त थांबणार नाहीत? मग माझी तक्रार मागे. पण सोडून पुढे गेलेला ड्रायव्हर गाडी लावणार कुठे? आमच्याच दारात ना?

गोडोलीकर
या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. सोमवारपासून तीन दिवस ५ ते ८ देवी चौकात वही घेऊन उभा राहतो. किती गाड्या थांबतात, किती वेळ, एसटी कितीदा अडकते, सगळं लिहितो. खालच्या रस्त्याला कुणी उभं राहणार का?

पेठेतला दुकानदार
दुकानासमोर खुर्ची टाकून देतो. चहा माझा. येताना कार आणू नका म्हणजे झालं.

खालचा रस्ता
इकडे मी बसतो. पण सोमवार नको, मंगळवारपासून.