घर घेताना-विकताना पैशाशिवाय काय आडवं आलं?

गेल्या महिन्यात कोथरूडमधला आईचा फ्लॅट विकला. स्वयंपाकाचा ओटा वडिलांनी आईच्या उंचीला बेतून बांधून घेतला होता, जेमतेम २८ इंच. बघायला येणारा प्रत्येक जण तिथे वाकून म्हणायचा, "हा फोडायला लागणार." बरोबरच होतं त्यांचं, तरी दर वेळी माझं डोकं फिरायचं. मग एक ठेंगण्या बाई आल्या. ओट्यावर दोन्ही तळवे टेकवून बघितले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, इथे पोळ्या लाटताना खांदे वर करायला नकोत." त्यांचा आकडा सगळ्यात मोठा नव्हता. घर त्यांनाच दिलं. भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तुमचे असे अनुभव लिहा. हप्ते, व्याजदर, स्टॅम्प ड्युटी यांवर नेहमीच बोलतो, ते इथे नको.

*

आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला, आमच्याकडे गॅसच्या शेगडीवरून पाणी गेलं. पुढे घर घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला सांगून टाकलं, बघायचं ते जुलैतच. एजंट कंटाळला. इमारतीत शिरण्याआधी मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारायची, "भैया, पाणी कुठपर्यंत येतं?" एकाने काही न बोलता मीटरच्या पेटीखालची ओलीची रेघ दाखवली. घर सुंदर होतं, मोठ्ठी खिडकी, समोर गुलमोहर. वर गेलेच नाही, तिथूनच परत फिरले.

*

दक्षिणेचं दार. मला काही वाटत नव्हतं, सासऱ्यांना वाटत होतं. घेतलं. विकताना मात्र कळलं की निम्मी गिऱ्हाइकं सासऱ्यांसारखीच असतात.

*

सोसायटीच्या लोकांनी 'सहज ओळख' म्हणून चहाला बोलावलं. दुसऱ्याच घोटाला प्रश्न, "तुमच्याकडे रोज नसेल ना होत?" काय ते सांगितलं नाही. बायकोने शांतपणे विचारलं, "काय, आंघोळ?" कप खाली ठेवून आम्ही निघालो. टोकन दिलं नव्हतं हे नशीब. आता जिथे राहतो तिथे शेजारच्या काकू सुकट भाजायच्या आधी दार वाजवून सांगतात, धुणं आत घ्या म्हणून.

*

लिफ्ट आहे का एवढंच बघू नका, तिच्यात स्ट्रेचर मावतो का ते बघा. बाबांना तिसऱ्या मजल्यावरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. दर वळणावर खुर्ची कलायची आणि ते "सावकाश रे" म्हणायचे, स्वतःसाठी नाही, खुर्ची धरणाऱ्या पोरांसाठी. नंतर त्या जिन्यात मला राहवेना. इमारत पुनर्विकासाला जाईपर्यंत थांब, असं सगळे सांगत होते. नाही थांबलो.

*

पितृपक्षात घरं बघावीत. व्यवहार कोणी करत नाही, त्यामुळे घरमालकाला गप्पा मारायला वेळ असतो आणि टँकर आठवड्याला किती येतात हे बोलता बोलता कळतं. सौदा घटस्थापनेला करा, आम्ही तसाच केला.

*

आमचं राजापूर तालुक्यातलं घर. आवाराच्या सातबाऱ्यावर १७ नावं. गिऱ्हाईक चांगलं होतं, १६ जण तयार, अडली ती बडोद्याची आत्या. आम्हाला वाटलं हिश्शावरून अडली असेल. मी गेलो समजवायला. ती म्हणाली, "मला छदाम नको रे. परसातल्या रातांब्यांचं काय करणार तो?" तो काय करणार, प्लॉट पाडणार. "मग नाही सही करत." दोन वर्षं झाली, गिऱ्हाईक कधीच गेलं. चुलत भाऊ तिला वेडी म्हणतात, मीही म्हणालो होतो.

या मे महिन्यात ८१ वर्षांची आत्या नातवाला घेऊन आली. पडवीत पाट घेऊन बसली आणि रोज रातांब्याची सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करायची, परत बुडवायची. हात कोपरापर्यंत लाल. मी तिला सहीचं विचारायला म्हणूनच गेलो होतो. तिने माझ्या हातात सूप दिलं आणि म्हणाली, "कावळे हाकल."