शनिवारचा सिनेमा : ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’

देशपांडे काका (ए-१०४): शनिवारी ८ वाजता क्लबहाउसमध्ये ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’. १९३६, युनिव्हर्सल स्टुडिओ, दिग्दर्शक हेन्री कोस्टर, कृष्णधवल, ८४ मिनिटं. गायिका-अभिनेत्री डिआना डर्बिनचा पहिला सिनेमा.

मीनल (बी-७०२): त्याआधी एमजीएम स्टुडिओचा ‘एव्हरी संडे’ होता ना काका, ज्युडी गार्लंडबरोबर?

देशपांडे काका: तो छोटा, एका रिळाचा. पूर्ण लांबीचा हाच पहिला. एमजीएमने तिला जाऊ दिलं, युनिव्हर्सलने घेतलं आणि सिनेमा थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनात गेला.

निखिल (सी-३०१): काका, आणलेली डीव्हीडी लावली तर ८१ मिनिटं दाखवतेय. कापलेली आहे का?

देशपांडे काका: युरोपातली आहे, कापलेली नसावी. फिल्म सेकंदाला २४ चौकटी, तिकडचा टीव्ही २५. म्हणून अख्खा सिनेमा ४ टक्के जोरात पळवतात. सूरही चढतो. पेटीवरच्या काळी एकचा गळा पांढरी दोनला टेकायला येतो. गाण्याच्या सिनेमात हे नको रे! डर्बिन १४ वर्षांची मुलगी आणि आवाज भरलेला, गोल, मोठ्या गायिकेचा, हेच तर ऐकायचंय. सूर चढला की तो पातळ होतो.

निखिल: लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला. मिनिटं जुळली, सूर तसाच.

मीनल: प्रेफरन्सेस, ऑडिओ, तिथली टाइम-स्ट्रेचिंगची टिक काढ आणि प्लेअर बंद करून पुन्हा उघड. टिक असली की वेग बदलला तरी सूर जागचा हलत नाही. प्रोजेक्टरही ४:३ वर ठेव, जुन्या सिनेमाच्या चौकोनी चित्राचा आकार तो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील, राहू देत. पडदाभर ताणलं की चेहरे रुंद होतात.

सुनीता काकू (ए-२०३): मागे बसणाऱ्यांना संवाद नीट कळतील असं बघा हं.

मीनल: काकू, आवाज मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा वेगळा नाही. एकच स्पीकर पडद्याखाली मधोमध, कानाच्या उंचीवर. बास (खालचे सूर) कमी. ट्रेबल (वरचे सूर) वाढवायचा नाही, आधी जुन्या ट्रॅकची खरखरच वर येते.

देशपांडे काका: आणि व्हॉल्यूम संवादांवर बसवू नका. पोलीस ठाण्यातला प्रसंग लावा. डर्बिनने ऑपेरात गाते अशी थाप मारलेली असते, मग तिथेच शिपायांसमोर संगीतकार अर्दितीचं ‘इल बाचो’ हे गाणं म्हणून दाखवते. वरचे सूर फाटले नाहीत तर बाकी सगळं नीट ऐकू येईल.

निखिल: लावलं. व्हॉल्यूम २४ वर फाटत होतं, २० वर स्वच्छ. स्पीकरवर खूण करून ठेवलीय.