ला रोक-गाझाकला पाच दिवस: आईचा गुडघा, बाबांचा उत्साह आणि अकरा वर्षांचा मुलगा

मेणवलीकर:

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण फ्रान्सला जातोय. मी, नवरा, मुलगा (वय ११) आणि माझे आई-बाबा. पॅरिसचं सगळं ठरलंय. त्यानंतरचे पाच दिवस नवऱ्याला खेड्यात काढायचेत. कुठेतरी त्यानं दोर्दोन्य नदीकाठच्या ला रोक-गाझाकचा फोटो पाहिला, कड्याला पाठ लावून बसलेलं पिवळ्या दगडाचं गाव, आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकत नाही.

आईचा उजवा गुडघा दुखरा आहे. सपाट चालते, पण पायऱ्या उतरताना त्रास होतो. बाबा ७३ वर्षांचे, अजून सिंहगड चढतात आणि ते सगळ्यांना सांगतात. मुलाला किल्ला आणि पाणी एवढंच हवंय. सगळे शाकाहारी, अंडं चालतं.

माझी यादी अशी: पहिला दिवस सार्ला (जवळचं बाजाराचं गाव) आणि लास्को (आदिमानवाच्या चित्रांची गुहा). दुसरा दिवस रोकामादूर, पादिराकची गुहा आणि येताना दोम (डोंगरावरचं गाव). तिसरा दिवस बेनाक, कास्तेलनो, मिलांद हे किल्ले-वाडे आणि मार्केसाकची बाग. चौथा दिवस नदीत कनू (वल्ह्याची छोटी होडी). पाचवा राखीव. हे जमेल का? आणि ला रोक-गाझाक गाव किती वेळात बघून होतं?

गारोनकाठचा:

गाव अर्ध्या तासात "होतं". नदीकाठी एक रस्ता, वर कड्याखाली एक गल्ली, एक छोटं चर्च, केळी-बांबू लावलेली एक बाग. कडा दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे तिथे केळी जगतात. माझ्या आईनं फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त वेळ बघितलेली गोष्ट म्हणजे ती केळ. कराडला परसात आहेत हो, पण इथे कशी, म्हणून बघत उभी.

मी सोळा वर्षं तुलूझला आहे. तिथून हे गाव सव्वादोन-अडीच तासांवर. भारतातून आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला मी इथे आणलंय, त्यामुळे तुमच्यासारखी यादी सात-आठ वेळा पाहिली आहे. पहिल्या वेळी तर ती मीच केली होती. तुमचा दुसरा दिवस आधी खोडा. रोकामादूर सुंदर आहे, पण सार्लापासून तासाभराहून जास्त वळणांचा रस्ता, आणि ते गावही कड्यावर टांगलेलं. पादिराकला जमिनीला पडलेल्या भोकातून १०३ मीटर खाली उतरून नावेत बसायचं. लिफ्ट आहेत, पण पायऱ्याही आहेत. हे दोन्ही करून "येताना दोम" म्हणजे आई गाडीत बसून राहणार आणि मुलगा मागच्या सीटवर ओकणार. माझा पुतण्या ओकला होता.

त्याऐवजी नदीला दोन दिवस द्या. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. इथले किल्ले, गावं, कडे सगळं नदीकडे बघत बसलेलं आहे, आणि गाडीच्या काचेतून त्याचा निम्मासुद्धा अंदाज येत नाही. सेनाक गावाहून कनू घ्या. तिथून बेनाकपर्यंत नऊएक किलोमीटर, प्रवाहाबरोबर, दोन-तीन तास. आधी दोमचा डोंगर मागे पडतो, मग ला रोक-गाझाकचा कडा समोर येतो, मग डावीकडे कास्तेलनो आणि पुढे उजवीकडे बेनाक, एकमेकांवर डोळे वटारून. शंभर वर्षांच्या युद्धात नदीच्या एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज अशी बराच काळ वाटणी होती, ते पाण्यातून बघितलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही. मध्ये गोट्यांची बेटं लागतात. तिथे थांबायचं, डबा खायचा, पाय बुडवायचे. उतरलात की भाड्यानं देणारेच गाडीनं परत सोडतात. पोहता येणं ही अट असते, लाइफ जॅकेट मिळतं, आणि मोबाइलसाठी झाकणाचं प्लास्टिकचं पिंप देतात. माझ्या मेहुण्यानं पिंपाचं झाकण न फिरवता नुसतंच ठेवलं होतं. आम्ही उलटलो नाही, ते पिंप उलटलं.

एकच गोष्ट: मे महिन्यात पाऊस झाला असेल तर पाणी चढतं आणि कनू बंद ठेवतात. म्हणून चौथा दिवस नको, पहिल्या कोरड्या दिवशी जा आणि बाकीचं त्याभोवती फिरवा.

आईंसाठी गाबार. गावाच्या धक्क्यावरूनच सुटते, तासाभराची फेरी, सपाट बुडाची लाकडी होडी. पूर्वी या होड्यांतून पिंपांसाठी ओकचं लाकूड आणि द्राक्षवेलींचे खुंट बोर्दोच्या बाजूला जायचे. वर परत ओढून आणणं परवडत नसे, म्हणून बऱ्याच होड्या तिकडेच मोडून सरपणाला विकायचे. होडीवाला हे सांगतो. माझ्या वडलांना हे फारच लागलं होतं. एवढी होडी बांधायची आणि जाळायची, असं दोन दिवस म्हणत होते.

टिंबटिंब:

लास्को अजिबात करू नका. खोटी गुहा आहे. नकली भिंतीवर रंगवलेली चित्रं बघायला पैसे का द्यायचे?

मेणवलीकर:

@गारोनकाठचा, दुसरा दिवस खोडला. नवरा म्हणतोय माणूस पोहोचलेला आहे. लास्कोचं खरंच असं आहे का? मुलानं शाळेत त्यावर प्रकल्प केलाय, त्याला काय सांगू?

गारोनकाठचा:

टिंबटिंब, खोटी आहे हे ते दारातच सांगतात, लपवत नाहीत. खरी गुहा १९४० च्या सप्टेंबरात चार पोरांना सापडली. युद्धानंतर लोकांसाठी उघडली, आणि लोकांच्या श्वासानं, दिव्यांनी भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. १९६३ साली बंद केली ती कायमची. आता माँतिन्याकला आहे ती २०१६ ची प्रतिकृती, गुहेचा प्रत्येक उंचवटा मोजून केलेली. आत थंड, अंधारी, चाकाच्या खुर्चीलाही जाता येतं. ज्या मुलानं प्रकल्प केलाय त्यानं मान वर करून तो बैल बघायलाच हवा. मी स्वतः नाक मुरडत गेलो होतो आणि गप्प बाहेर आलो.

पण खरं काहीतरी बघायचंय, हा तुमचा मुद्दा मला मान्य. त्यासाठी लेझेझी गावाजवळ फाँ-द-गोमची गुहा आहे. गव्यांची रंगीत चित्रं, अस्सल, हजारो वर्षांपूर्वीची. १९०१ साली तिथल्या शाळामास्तरांनी, पेरोनी यांनी, शोधली. दिवसाला मोजकेच लोक आत सोडतात, तिकीट आधीच घ्या. दारापर्यंत चढ आहे आणि आत एक अरुंद बोळ, म्हणून आईंना नको.

आईंसाठी रुफिन्याकची गुहा! हे कुणीच सांगत नाही. तिथे छोट्या विजेच्या आगगाडीत बसून डोंगराच्या पोटात किलोमीटरभर जायचं. चित्रं खरी, बहुतेक मॅमथ, म्हणून नावच पडलंय शंभर मॅमथांची गुहा. भिंतींवर अस्वलांच्या नख्यांचे ओरखडे आहेत, आणि जमिनीत अस्वलं झोपायची ते खळगेही. आत १३ अंश असतं, बाहेर कितीही ऊन असलं तरी स्वेटर घ्या. फोटो काढू देत नाहीत. माझी आई त्या गाडीत बसून म्हणाली, देवळात बसल्यासारखं वाटतंय. चपला काढल्या असत्या तिनं.

पाटीलबुवा_लियाँ:

गारोनकाठचा यांच्याशी बहुतेक सहमत. एक वेगळं मत: मुक्काम ला रोक-गाझाकला नको, सार्लात करा. गावात दुकान म्हणावं असं काही नाही, संध्याकाळी बसनं आलेले पर्यटक गेले की शुकशुकाट. सार्लात निदान ब्रेड, भाजी, औषधं मिळतात. बुधवारी आणि शनिवारी सकाळी बाजार असतो, शनिवारचा मोठा. मे म्हणजे स्ट्रॉबेरीचे दिवस. अक्रोड, अक्रोडाचं तेल, बकरीच्या दुधाचं छोट्या चकतीसारखं चीज, हे सगळं घ्या. बदकाचे डबे सगळीकडे रचलेले दिसतील, आईंना तिकडून नेऊ नका.

आणि गाडीबद्दल कुणी लिहिलं नाही. गाडी हवीच. पॅरिसच्या ओस्तेर्लित्झ स्टेशनवरून तुलूझकडे जाणारी ट्रेन, ब्रीवला उतरा (साडेचार तासांच्या आसपास), तिथून गाडी भाड्यानं. ब्रीवला रविवारी पोहोचू नका, गाडी देणारे बंद असू शकतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा. आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, खेड्यांत पाटी नसली तरी. पुण्यात चालवलेल्या माणसाला हे फार अवघड जातं, मी कोल्हापूरचा, मलाही गेलं.

गारोनकाठचा:

पाटीलबुवा, शुकशुकाटासाठीच तिथे राहायचं ना! मेअखेर साडेनऊपर्यंत उजेड असतो. बसवाले सहाला गेले की तो कडा मधासारखा पिवळा होतो आणि रस्त्यावर तुम्ही आणि एखादं मांजर. मात्र स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, आणि ते वरच्या गल्लीत नको, खाली रस्त्याला लागून घ्या. गुडघा! किराणा सार्लातूनच आणायचा, १२-१३ किलोमीटर आहे.

जेवणाचं नीट लिहितो, कारण आमच्यावर बेतलं होतं. दुपारी बारा ते दोन जेवण. दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही सहा जण एका खानावळीत शिरलो. बाईंनी हसून दार दाखवलं. पुढच्या ठिकाणी तेच. तिसऱ्या ठिकाणी आइस्क्रीम मिळालं. मधुमेही सासऱ्यांनी दोन गोळे खाल्ले आणि दोष मला दिला. तेव्हापासून पिशवीत पोळी-चटणी असतेच.

दुसरं म्हणजे बटाटे. प्रत्येक पाटीवर "पोम सार्लादेज" दिसेल. काचऱ्याच, लसूण आणि पार्सली घातलेल्या, खमंग. शाकाहारी दिसतात. त्या बदकाच्या चरबीत परतलेल्या असतात. सासऱ्यांनी दोन वेळा मागून घेतल्या. मी सांगितलं नाही, आजतागायत.

किल्ल्यांचं थोडक्यात. मुलासाठी कास्तेलनो, दुसरा विचार करू नका. आत मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे, आणि तटावर दगडफेकीची यंत्रं उभी केलीत, दोन मजली गोफणच समजा. पायऱ्या भरपूर, म्हणून मुलगा, बाबा आणि नवरा तिकडे. तेवढ्या वेळात तुम्ही आईंना घेऊन शेजारीच मिलांदला जा. जोसेफिन बेकर यांचा वाडा. सेंट लुईसच्या गरीब वस्तीतून आलेली नर्तकी, दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी हेरगिरी केली, १९४७ साली हा वाडा विकत घेतला आणि जगभरातून बारा मुलं दत्तक घेतली. शेवटी कर्जापायी वाडा गेला. स्वयंपाकघराच्या पायरीवर पांघरूण घेऊन बसलेल्या तिचा फोटो आहे, घराबाहेर काढलेली. त्याच बाईंना २०२१ साली पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, स्थान दिलं. माझी बायको त्या फोटोपुढून हलेना.

मार्केसाकची बाग संध्याकाळी करा. दीड लाख झुडपं कातरून गोल केली आहेत, मेंढरांचा कळप बसल्यासारखी. मेणबत्त्यांच्या रात्री जुलै-ऑगस्टमध्येच गुरुवारी असतात, त्या तुम्हाला मिळणार नाहीत.

दोमला राखीव दिवशी जा. बाजाराच्या छपराखालून पायऱ्यांनी गुहेत उतरायचं आणि बाहेर येताना काचेची लिफ्ट. आई वर कट्ट्यावर बसतील, तिथून सगळी नदी दिसते.

मेणवलीकर:

सगळ्यांचे आभार. यादी फाडून नवी केली. मुक्काम ला रोक-गाझाक, खालचा रस्ता, स्वयंपाकघर आहे. रुफिन्याकची आगगाडी ऐकून आईनं स्वेटर काढून ठेवलाय, आज फेब्रुवारी आहे.

एक अडचण. बाबांना मी सांगितलं की कनूसाठी पोहता यायला हवं, म्हणजे तुम्ही आईबरोबर गाबारमध्ये बसा. त्यावर ते म्हणाले, मेणवलीच्या घाटावरून कृष्णेत उडी मारायचो ते तू पाहिलेलं नाहीस. आता घरात कनूची दुसरी वल्ही कोण धरणार यावरून बाबा आणि नातू यांच्यात अबोला आहे.

गारोनकाठचा:

तीन जणांची कनू मिळते. नातू मध्ये. बाबांना मागे बसवू नका, मागचा माणूस दिशा धरतो आणि मग तो कुणाचं ऐकत नाही. हे मी मेहुण्यावरून सांगतोय.