अंतराळवीरांकडून काय शिकायचं: धैर्य, की आधीच ठरवून ठेवलेला नियम?

उत्तरायण (धागाकर्ता)

अंतराळवीरांचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा जिद्द, धैर्य आणि स्वप्नं या तीन शब्दांवर येऊन थांबतं. मला वाटतं, घरी नेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. संकटात काय करायचं हे संकट येण्याआधी ठरवायचं, कागदावर लिहायचं आणि वेळ आली की त्यावर नव्याने वाद घालायचा नाही.

उदाहरण अपोलो ११ चं. ५ जुलै १९६९ रोजी ह्यूस्टनमध्ये चंद्रावर उतरण्याचा सराव चालू होता. सराव घेणाऱ्या गटाचे प्रमुख डिक कूस यांनी मुद्दाम यानाच्या संगणकाला १२०१ क्रमांकाचा अलार्म द्यायला लावला. जमिनीवरून यानाची मार्गदर्शन प्रणाली सांभाळणारा स्टीव्ह बेल्स तेव्हा २६ वर्षांचा होता. अलार्मचा अर्थ उमगेना, म्हणून त्याने उतरणं सोडून द्यायला सांगितलं. नंतरच्या आढाव्यात कूस यांनी स्पष्ट सांगितलं, की हा निर्णय चुकला, यान नीट चाललं होतं. मोहिमेचे जमिनीवरचे प्रमुख, म्हणजे फ्लाइट डायरेक्टर, जीन क्रांझ यांनी मग प्रत्येक अलार्मला काय करायचं ते ठरवायला लावलं. जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने त्यांची यादी हाताने लिहून काढली.

पंधरा दिवसांनी, २० जुलैला, चंद्रापासून सुमारे ३३ हजार फुटांवर त्याच प्रकारचा, पण खराखुरा १२०२ अलार्म वाजला. उतरेपर्यंत १२०२ चार वेळा आणि १२०१ एकदा. पहिल्या अलार्मनंतर काही सेकंदांतच 'पुढे चला' असं उत्तर गेलं.

अलार्म का वाजतोय हे त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. कारण नंतर सापडलं. यानांच्या भेटीसाठीच्या रडारचा स्विच चेकलिस्टप्रमाणेच होता, पण रडारचा आणि संगणकाचा वीजपुरवठा एका लयीत नव्हता. रडार स्थिर असूनही संगणकाला ते थरथरतंय असं वाटायचं आणि त्याचा सुमारे १३ टक्के वेळ त्या फुकटच्या मोजणीत जायचा; कामाचा भार झेपेना की अलार्म वाजायचा. नियमाने 'का?' विचारलंच नव्हतं. अलार्म सतत वाजत नाही ना, आणि दिशा-उंचीचं गणित बरोबर चाललंय ना, एवढंच पाहायचं होतं.

हे घरात आणता येतं. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर: कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळे बाहेर, आणि बाहेर गेल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन. पाच ओळी. सिलिंडरजवळच्या भिंतीवर लावून ठेवाव्यात.

दगडफूल

गॅसच्या पाच ओळी मान्य. त्यावरून काढलेला मोठा निष्कर्ष मान्य नाही.

अपोलोच्या संगणकाला ठरावीक अलार्म होते आणि प्रत्येकाला क्रमांक होता, म्हणून यादी करता आली. आयुष्यातल्या संकटांना क्रमांक नसतात. छातीत दुखतंय ते पित्ताने की हृदयामुळे, मुलगा गप्प आहे तो थकलाय की कशात अडकलाय, याचा कोड पडद्यावर उमटत नाही.

दुसरं, नियमांनी भरलेल्या जगातही माणसं चुकली आहेत. १६ जुलै २०१३ चा स्पेसवॉक, म्हणजे अंतराळ पोशाख घालून बाहेर केलेलं काम, घ्या. इटलीचे लुका पार्मितानो आणि अमेरिकेचे ख्रिस कॅसिडी अंतराळ स्थानकाबाहेर होते. सुमारे ४४ मिनिटांनी पार्मितानोंनी कळवलं, की डोक्यामागे पाणी जाणवतंय. त्यानंतर पाणी कुठून येतंय यावर चर्चा झाली. घाम असेल, पिण्याच्या पाण्याची पिशवी गळत असेल. 'परत फिरा' हा आदेश यायला सुमारे २३ मिनिटं गेली. वजनरहित अवस्थेत पाणी खाली ओघळत नाही, पृष्ठताणामुळे ते कातडीला चिकटून पसरतं. परतताना ते त्यांच्या कानांवर, डोळ्यांवर आणि नाकावर आलं. त्यातच सूर्य मावळला, आवाज नीट ऐकू येईना. दोघांच्या दोऱ्या वेगळ्या वाटांनी गेल्या होत्या, म्हणून पार्मितानो एकटेच आपल्या दोरीच्या अंदाजाने एअरलॉकपर्यंत (स्थानकात शिरायच्या दालनापर्यंत) आले. नंतर हेल्मेट आणि पोशाखातून लिटर-दीड लिटर पाणी निघालं.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आठवडाभर आधी, ९ जुलैच्या स्पेसवॉकनंतर त्याच पोशाखात पाणी सापडलं होतं. ते पिशवीचं समजून सोडून दिलं गेलं. जगातली सर्वांत शिस्तीची माणसं, तरी असं होतं. मग आपण भिंतीवर कागद चिकटवून काय साधणार?

निरभ्र

दगडफूल, घटना तुम्ही अचूक मांडलीत, पण ती धागाकर्त्याच्या बाजूने जाते.

त्या दिवशी नेमका नियमच नव्हता. हेल्मेटमध्ये थोडंफार पाणी असायचंच, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. चौकशी मंडळाने यावरच बोट ठेवलं. पोशाखात पंखा, पंप आणि हवेतून पाणी वेगळं काढणारा विभाजक एकाच मोटरवर फिरतात. विभाजकाची बारीक छिद्रं सिलिकासारख्या निरिंद्रिय कणांनी बुजली, पाणी परत जायला वाट राहिली नाही आणि ते हवेच्या मार्गात शिरून डोक्यामागच्या झडपेतून हेल्मेटमध्ये आलं. पिशवीवर संशय घेणं सोपं होतं, कारण पिशवी ओळखीची होती. ओळखीचं कारण हाताशी असलं की माणूस पुढे शोधत नाही. रोज मरे त्याला कोण रडे, तसं छोट्या बिघाडाचं होतं.

नंतर काय बदललं ते पाहा. हेल्मेटच्या मागे पाणी शोषणारं पॅड आलं. पोशाखाच्या खालच्या भागातली हवा तोंडाने घेता यावी म्हणून नळी आली. आणि पाणी दिसलं की कारण न शोधता परतायचं, हे ठरलं. १५ जानेवारी २०१६ ला टिम कोप्रा यांना हेल्मेटमध्ये पाण्याचा छोटा गोळा दिसला. स्पेसवॉक ४ तास ४३ मिनिटांवर आवरता घेतला गेला. मार्च २०२२ मध्ये मथायस माउरर यांच्या हेल्मेटमध्ये काम संपल्यावर पाणी आढळलं, तर तातडीचे नसलेले स्पेसवॉक काही काळ थांबवले गेले. एकदा चुकलेलं लिहून ठेवलं, म्हणून पुढे वेळेत थांबता आलं.

आपल्याकडेही हे चालतं. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरी सांगतात.

कातळ

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताहेत, की धडा व्यक्तीसाठी आहे. माझा आक्षेप तिथेच आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचं कोलंबिया हे अंतराळयान उडालं. ८१ सेकंदांनंतर बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम सुटणं आधीच्या उड्डाणांतही झालं होतं. ऑक्टोबर २००२ च्या उड्डाणात तर तो बाजूच्या बूस्टर रॉकेटवर आदळला होता. तरी उड्डाणं चालू राहिली. यान कक्षेत असताना काही अभियंत्यांनी पंखाचे फोटो मिळावेत अशी मागणी केली, ती वरच्यांनी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही जण गेले. त्यात कर्नालची कल्पना चावला होती. त्यांच्या प्रशिक्षणात, जिद्दीत, शिस्तीत काय कमी होतं? काहीही नाही.

म्हणून 'अंतराळवीरासारखे व्हा' हा उपदेश मला खटकतो. सुनीता विल्यम्स सहकारी बुच विल्मोर यांच्यासह जून २०२४ मध्ये सुमारे आठ दिवसांसाठी गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये, २८६ दिवसांनी परतल्या. त्यावरून संयमाचे धडे काढले जातात. संयम होताच. पण त्यांना सुखरूप कशाने आणलं? त्यांना घेऊन गेलेलं स्टारलायनर यान रिकामं परत पाठवण्याचा निर्णय झाला. पुढच्या ड्रॅगन यानातून चारऐवजी दोघेच पाठवून दोन जागा मोकळ्या ठेवल्या गेल्या. आणि तो ड्रॅगन येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत काही घडलंच तर आधीच्या ड्रॅगनमध्ये सामानाच्या जागी फोम घालून दोघांना आडवं नेण्याची तयारी केली गेली. हे सगळं यंत्रणेचं काम. नोकरीत पिचलेल्या माणसाला 'सुनीताकडून संयम शिका' असं सांगणं म्हणजे यंत्रणेची जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणं.

उत्तरायण

कातळ, कोलंबियाबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे, आणि मी 'धैर्य' हा शब्द बाजूला ठेवला तो याच कारणाने. लिहिलेला नियम हा कुणाचा गुण नसतो, तो यंत्रणेचाच भाग असतो. घर हीसुद्धा चार-पाच माणसांची यंत्रणा आहे.

दगडफूल, छातीच्या दुखण्याला क्रमांक नसतो, खरं. पण १२०२ चा नियमही कारणाबद्दल नव्हता. छातीत दडपल्यासारखं दुखणं दहा-पंधरा मिनिटं राहिलं, किंवा त्याबरोबर घाम सुटला, डावा हात वा जबडा दुखू लागला, तर पित्त की हृदय हे घरात ठरवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. पार्मितानोंच्या वेळी २३ मिनिटं कारण शोधण्यात गेली, तीच चूक इथे टळते.

सांजवेळ

सरावाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ह्यूस्टनमध्ये स्पेसवॉकच्या सरावासाठी तलाव आहे: सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल. बाहेरच्या एका तासासाठी साधारण सात तास पाण्यात काढण्याची पद्धत राहिली आहे. पण पाणी काही गोष्टी चुकीच्याही शिकवतं. पाण्याला विरोध असतो, हात थांबवला की शरीरही थांबतं. अवकाशात ते थांबत नाही, एकदा दिलेला वळसा चालूच राहतो. शिवाय तरंगतो तो पोशाख, आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षण जाणवतंच. उलटं व्हायची वेळ आली की सगळं वजन खांद्यांवर येतं, म्हणून या सरावात खांदे दुखावल्याची बरीच नोंद आहे.

प्रशिक्षकांना हे माहीत असतं, आणि पाण्यात शिकलेलं काय विसरायचं हेही ते शिकवतात. म्हणून कागद लावला की झालं, हे मला पटत नाही. गॅसचा वास आला की पहिली ऊर्मी एक्झॉस्ट फॅन लावायची असते, कारण फोडणीचा ठसका लागला की हात रोज तिकडेच जातो. भिंतीवरच्या ओळी वाचायला मेंदूला दोन सेकंद लागतात, हाताला अर्धा. वर्षातून दोनदा अंधारात रेग्युलेटर चाचपून बंद करून पाहिला पाहिजे, घरातल्या प्रत्येकाने. आजीनेही आणि दहा वर्षांच्या नातवानेही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं, हेही त्याच वेळी सांगायचं.

दगडफूल

सांजवेळ यांच्यामुळे माझं अर्धं मत बदललं. सराव असेल तर नियम चालेल. उरलेलं अर्धं असं, की सराव घेणार कोण? बेल्सला कूस मिळाले. मुद्दाम बिघाड करणं आणि नंतर तोंडावर 'तू चुकलास' म्हणणं हेच त्यांचं काम होतं. घरात ही भूमिका कुणी घेतली तर तो अपशकुनी ठरतो. 'शुभ बोल रे नाऱ्या' हे वाक्य तयारच असतं.

कातळ

आणि त्याहून अवघड प्रश्न थांबवण्याच्या अधिकाराचा. २० जुलैला २६ वर्षांच्या बेल्सचा शब्द क्रांझ यांनी तिथल्या तिथे मानला, कारण तो शब्द कुणाचा हे आधी ठरलं होतं. स्पेसवॉकमध्ये थांबण्यालाही दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ अवजारं आवरून शिस्तीत परत या, दुसऱ्याचा अर्थ सगळं तिथेच टाकून ताबडतोब परत या. पार्मितानोंच्या वेळी पहिला वापरला गेला.

आपल्याकडे पावसाळ्यात ट्रेकला निघालेल्या गटात सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, 'ओढ्याचं पाणी वाढलंय, परत जाऊ या,' तर किती गट वळतील? कोलंबियाच्या वेळी फोटो मागणारे अभियंते याच जागी उभे होते. तुमच्या पाच ओळींत ही ओळ कुठे आहे?

उत्तरायण

नाही, ती ओळ नाही, आणि असायला हवी होती. ट्रेकसाठी ती अशी लिहीन: ओढा ओलांडण्याआधी गटातल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, सुरुवात सर्वांत लहानापासून, म्हणजे मोठ्यांचं ऐकून कुणी आपलं मत बदलणार नाही. एकानेही 'नको' म्हटलं तर सगळे वळतील. कारण विचारायचं नाही, ते खाली गावात पोचल्यावर. घरात गॅसचा वास आल्याचं दहा वर्षांच्या नातवाने सांगितलं तरी 'तुला भास झाला' म्हणायचं नाही. आधी सगळे बाहेर, मग चौकशी.

दगडफूल, कूस यांच्या जागी कोण हे मला अजून सुचलेलं नाही. पाळीपाळीने करता येईल का? दर दिवाळीच्या आणि दर मे महिन्याच्या सुट्टीत घरातली एक व्यक्ती, बाकीच्यांना न सांगता. कुणाच्या घरात किंवा सोसायटीत असं चालू असेल तर पद्धत इथे सविस्तर लिहा.