नवी लायकेन प्रजाती: डोळ्यांना फरक दिसत नसेल तर ती वेगळी कशी?

सालपापुद्रा:
२०२५ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम घाटातून ‘अ‍ॅलोग्राफा इफ्युसोसोरेडिका’ ही नवी लायकेन प्रजाती जाहीर केली. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. झाडाच्या सालीला घट्ट चिकटलेला पापुद्रा, त्यावर शाईने गिरगटल्यासारख्या रेघा आणि पिठूळ कणांचा पसरलेला थर. दिसायला ‘ग्राफिस ग्लॉसेसेन्स’सारखी, पण डीएनए तपासल्यावर जवळची निघाली ‘अ‍ॅलोग्राफा झँथोस्पोरा’. पुण्यात असं काम होतंय याचा आनंद आहेच. पण या निमित्ताने एक जुनं भांडण उकरून काढतो.

माझं म्हणणं असं की लायकेनच्या निम्म्या नव्या प्रजाती सापडत नाहीयेत, जुन्यांच्या चिरफळ्या होताहेत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं ‘कोरा’ घ्या. कित्येक दशकं ती एकच प्रजाती मानली जायची. २०१४ मध्ये रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी डीएनए लावून तिच्या १२६ केल्या, वर अंदाज दिला की खरा आकडा चारशेच्या पुढे जाईल!

हे सगळं कुणासाठी? लायकेनवरून हवेचं प्रदूषण जोखणाऱ्याकडे भिंग असतं, डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र नसतं. जंगलात उभं राहून जी ओळखता येत नाही तिला स्वतंत्र नाव देणं म्हणजे यादी फुगवणं. नावं बदलण्याचा ताप वेगळाच. ‘एव्हर्निअ‍ॅस्ट्रम’ हे लायकेनच्या एका गटाचं नाव जेमतेम तोंडी बसलं होतं, २०१३ मध्ये ते ‘हायपोट्रॅकिना’त विलीन झालं.

परागकण:
पूर्ण असहमत. ‘डीएनए लावलं आणि नाव दिलं’ इतकं सोपं असतं तर आमचे प्रबंध सहा महिन्यांत झाले असते.

त्या रेघा म्हणजे बुरशीची फळं. ब्लेडने त्यांचा पातळ काप घ्यायचा, पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहायचे. त्यांच्या आत आडवे पडदे किती, उभे आहेत का, रंग कुठला, आयोडीन घातल्यावर काय होतं. मग रसायनं. पोटॅशचा थेंब टाकल्यावर आधी पिवळं, मग लाल झालं आणि कापात लाल सुईसारखे स्फटिक दिसले तर नॉरस्टिक्टिक आम्लाचा संशय. त्याची खात्री पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रसायनं वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतीने. तुम्ही म्हणताय त्या अ‍ॅलोग्राफात हेच आम्ल मिळालं, आणि तिच्या जवळच्या मंडळींत ते दुर्मीळ आहे. तुमचे पिठूळ कण, हे आम्ल आणि डीएनए, तिन्ही एका दिशेला बोट दाखवतात. याला चिरफळी म्हणायचं?

राहता राहिला ‘नुसता डोळा’. फिनिश लायकेनतज्ज्ञ विल्यम नायलँडरने लायकेनवर पोटॅश आणि ब्लीचचे थेंब टाकून रंग पाहायला सुरुवात केली १८६६ मध्ये. नुसत्या डोळ्याचा जमाना तेव्हाच संपला.

सालपापुद्रा:
त्याच वर्षी त्याच नायलँडरने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन पाहून शहरी हवेबद्दल अनुमान काढलं होतं. तेही झाडासमोर उभं राहून. :)

गोडा_मसाला:
मी तुमच्यातली नाही, पण वाचतेय. आमच्या मसाल्यात पडणारं दगडफूल हेच ना? मग मी आजवर एकच खातेय की एकशे सव्वीस?

परागकण:
@गोडा_मसाला ताई, कोरा नाही, पण एकच प्रजातीही नाही. बाजारातल्या दगडफुलात ‘पार्मोट्रेमा’, वर आलेलं एव्हर्निअ‍ॅस्ट्रम (म्हणजे आताचं हायपोट्रॅकिना) आणि इतर काही सरमिसळ असतात. हिमालयातून बराच माल येतो, गोळा करणारा सालीवरून ओरबाडतो तेव्हा वेगळं काढत बसत नाही.

गोडा_मसाला:
आणि त्यात एखादं विषारी आलं तर? अशा वेळी वेगळी नावं हवीत असं मलातरी वाटतं. सालपापुद्रा, यावर बोला.

सालपापुद्रा:
ताई, विषाचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्येला झाडांवरून केसांच्या जटांसारखं लोंबणारं ‘ब्रायोरिया फ्रेमाँटाय’ तिथले मूळ रहिवासी जमिनीतल्या भट्टीत शिजवून खात आले. तिचीच पिवळसर बहीण ‘ब्रायोरिया टॉर्ट्युओसा’ मात्र खायची नाही, तिच्यात व्हल्पिनिक हे विषारी आम्ल भरपूर. लोकांनी रंगावरून दोन केल्या, शास्त्रज्ञांनीही दोन नावं दिली. पुढे डीएनए पाहिलं तर दोघींतली मुख्य बुरशीही एक आणि शैवालही एक! आता सांगा, तुमच्या यंत्राच्या हिशेबाने ही एकच प्रजाती. खाणाऱ्याने काय करायचं?

परागकण:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. टोबी स्प्रिबिल यांच्या गटाने २०१६ मध्ये नेमकं हेच कोडं धरून दाखवलं की या लायकेनच्या बाहेरच्या थरात तिसरा भिडू आहे, एक यीस्ट, आणि पिवळ्या नमुन्यांत त्याचं प्रमाण जास्त. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेन्डनरने १८६०च्या दशकात ‘लायकेन म्हणजे बुरशी अधिक शैवाल’ सांगितलं तेव्हा नायलँडरसकट अनेकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. त्या समीकरणात दीडशे वर्षांनी भर पडली ती डीएनए-आरएनए वाचल्यामुळे. डोळ्याने रंग दिसला, त्यामागचं यीस्ट नाही दिसलं.

शिवाय यातून एक गोष्ट सिद्ध होते: डीएनए फक्त तोडत नाही, जोडतंही. यादी फुगवण्याचा आरोप मग कसा टिकतो?

सालपापुद्रा:
टिकतो. नाव बुरशीचं, ओळख सगळ्या संसाराची. नियमानुसार लायकेनचं नाव फक्त बुरशीला लागू. मग पिवळी आणि तपकिरी ब्रायोरिया एकाच नावाखाली, आणि विष आहे की नाही ते नाव सांगणार नाही. असलं नाव मला जंगलात काय कामाचं?

ओबामाभक्त:
२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बेटावरच्या लायकेनला ‘कॅलोप्लाका ओबामी’ नाव दिलं होतं. तेवढं एक लक्षात राहिलंय. बाकी चालू द्या.

निवृत्त_मास्तर:
दोघेही एका गोष्टीला बगल देताय. आम्ही शिकलो तेव्हा या रेघांच्या कुळात चार खण होते. रंगहीन बीजाणू, फक्त आडवे पडदे: ग्राफिस. रंगहीन, आडवे-उभे दोन्ही: ग्राफिना. हेच तपकिरी असले तर फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. विद्यार्थ्याला दहा मिनिटांत समजायचं. सालपापुद्रा यांना हवी तशी व्यवस्था. फक्त ती खोटी होती. आडवे-उभे पडदे अनेक शाखांमध्ये स्वतंत्रपणे आलेत, त्यामुळे नात्यात नसलेल्या एका खणात आणि सख्ख्या वेगवेगळ्या खणांत. ग्राफिना आणि फिओग्राफिना आज मोडीत निघालेत. सोपेपणासाठी खोटं शिकवत राहायचं का?

पण परागकण, तुम्हालाही एक विचारतो. पुण्यातल्या आजरेकर कवकसंग्रहात पटवर्धन सर आणि माखीजा बाईंच्या काळापासूनचे लायकेनचे नमुने आहेत. पश्चिम घाटातल्या कितीतरी प्रजातींचे मूळ नमुने, ज्यांवर नाव टांगलेलं असतं ते, तिथे आहेत. त्याहून जुन्या नावांचे युरोपात. सुकून दशकं लोटलेल्या पापुद्र्यातून धड डीएनए निघायची मारामार. मग तुमच्या ताज्या नमुन्याचं डीएनए ‘कशाशीच जुळत नाही’ याचा अर्थ ती नवी आहे, की जुनीच आहे आणि तिचं डीएनए कुणी वाचलेलं नाही? आधी जुन्या नावांच्या मूळ जागी जाऊन ताजे नमुने आणा. पण त्या कामाची बातमी होत नाही, नव्या प्रजातीची होते.

परागकण:
मास्तर, हा वार बसला. मान्य, आणि म्हणूनच आकारिकी (आकार-रचनेचा अभ्यास) सोडून चालत नाही: जुन्या नमुन्याशी तुलना बीजाणू आणि आम्लांवरच होते. पण ‘आधी जुनं निस्तरा’ म्हणून नवं थांबवता येणार नाही. जगात वीसेक हजार लायकेन नोंदलेली, भारतात तीन हजारांच्या आसपास. घाटातली साल रोज तुटतेय, ज्याला नाव नाही त्याची कुठल्याच अहवालात नोंद होत नाही.

सालपापुद्रा:
बरं, मग सरळ सांगा. पुढच्या पाहणीत अशा रेघा दिसल्या तर मी रकान्यात काय लिहू?

परागकण:
‘ग्राफिस-अ‍ॅलोग्राफा गट’ लिहा. सोबत झाड कुठलं, उंची, सावली की ऊन. जवळून फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. फोटो पाठवून ‘नाव सांगा’ म्हणू नका, बीजाणू पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि अभयारण्यात असाल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय सालीला सुरी लावू नका.

गोडा_मसाला:
आणि माझ्या डब्यातलं?

परागकण:
त्याला परवानगी लागत नाही. चिमूटभर पाठवा, कापून बघतो.