कंपनीने कर्मचाऱ्याच्या मेंदूत चिप बसवून द्यावी का?

गोदाकाठ
नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कंपन्या लॅपटॉप देतात, मेडिक्लेम देतात, काही तर चष्म्याचेही पैसे देतात. मग मेंदूतलं इम्प्लांटच का नको? एलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने जानेवारी 2024 मध्ये पहिल्या माणसाला ते बसवलं. केसाहून बारीक 64 धागे, त्यांवर मेंदूचे विद्युत्संकेत टिपणारे 1,024 इलेक्ट्रोड. मानेखाली लुळा पडलेला तो माणूस नुसत्या विचाराने कर्सर हलवतो, बुद्धिबळ खेळतो. आपल्याकडे द्राक्षाच्या मोसमात निर्यातीच्या कागदपत्रांनी ऑफिसातल्या पोरांची मनगटं धरतात. सक्ती नको, पण ज्याला हवं त्याचा खर्च कंपनीने उचलावा, एवढंच म्हणतोय.

तारयंत्र
मनगटासाठी कवटी उघडायची? बरं, आधी वेग बघू. हाताने लिहितोय अशी नुसती कल्पना करायची आणि अक्षरं पडद्यावर उमटायची, हा स्टॅनफर्डचा 2021 चा प्रयोग. मिनिटाला 90 अक्षरं. शब्दाला पाच अक्षरं धरली तर 18 शब्द. आपली जीसीसीची, म्हणजे सरकारी प्रमाणपत्राची टायपिंग परीक्षा सुरूच होते 30 शब्दांपासून. अर्धांगवायू झालेल्या माणसासाठी 18 शब्द म्हणजे पुन्हा मिळालेली वाचा आहे. धडधाकट कारकुनासाठी तो नापासाचा शेरा.

आणि अचूकता. त्या प्रयोगात कच्ची अचूकता सुमारे 94 टक्के होती. ती 99 च्या वर गेली ती ऑटोकरेक्टमुळे, म्हणजे पुढचा-मागचा शब्द पाहून चूक सुधारणाऱ्या प्रोग्रॅममुळे. आता ताज्या द्राक्षांचा एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा घ्या, 08061000. अंकांना मागचापुढचा अर्थ नसतो, ऑटोकरेक्ट तिथे काय सुधारणार? अंकांनाही तीच 94 टक्के धरा. आठही अंक बरोबर पडण्याची शक्यता 61 टक्के. दहातली चार शिपिंग बिलं, म्हणजे निर्यातीचे कस्टमचे कागद, अडकली समजा. कीपॅडवर हेच काम तीन सेकंदांचं.

सिन्नरफाटा
तारयंत्र, तुम्ही जुन्याच प्रयोगावर अडून बसलात. 2023 मध्ये बोलण्याच्या हालचालींचे मेंदूतले संकेत वाचून मिनिटाला 62 शब्दांपर्यंत मजल गेली. शिवाय कवटी उघडायलाच हवी असं कुठंय? सिंक्रॉन कंपनीचा स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, मानेच्या शिरेतून वर नेतात आणि मेंदूवरच्या मोठ्या रक्तवाहिनीत बसवतात. हृदयाच्या स्टेंटला आता कोण घाबरतं?

तारयंत्र
62 शब्द खरे, पण सव्वा लाख शब्दांच्या कोशावर त्यातले शंभरातले 24 चुकत होते. 2024 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेच्या चमूने 97 टक्के अचूकता गाठली, पण वेग साधारण निम्म्यावर. आणि दोन्ही इंग्रजीत. मराठीसाठी ध्वनींची यादी वेगळी लागेल, सराव नव्याने घ्यावा लागेल.

स्टेंटचं म्हणाल तर त्यावर इलेक्ट्रोड फक्त 16. होय-नाही, क्लिक, सावकाश निवड, यापलीकडे फार नाही. गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात आणि शिरेच्या भिंतीत एकदा मुरलेला स्टेंट सहज निघत नाही. हृदयाचा स्टेंट बसवतात तो जीव वाचवायला, व्हाउचर भरायला नव्हे.

एचआरवाली
वेग उद्या वाढेलही. मला घोर आहे तो नोकरीच्या शेवटच्या दिवसाचा. लॅपटॉप परत घेतात, आयकार्ड परत घेतात, फुल अँड फायनल हिशेब होतो. धागे कोण परत घेणार? त्यांच्याभोवती व्रणाचं आवरण धरतं, काढायचं तर दुसरी शस्त्रक्रिया. बरं, बसवले तरी जागेवर राहतील याची हमी नाही. न्यूरालिंकच्या पहिल्याच रुग्णात बहुतेक धागे मागे सरकले, जेमतेम 15 टक्के कामाचे उरले. सॉफ्टवेअर बदलून त्यांनी वेग परत आणला, हे मान्य. पण कर्मचाऱ्याच्या बाबतीत ते कोण करून देणार?

सेकंड साइट नावाच्या कंपनीने 350 वर अंध लोकांच्या डोळ्यांत आर्गस हे थोडंफार दिसायला मदत करणारं यंत्र बसवलं, 2019 मध्ये ते बनवणं थांबवलं आणि पुढे दुरुस्तीला माणूस उरला नाही. यंत्र मात्र डोळ्यातच.

मेडिक्लेमवर भिस्त नको. ‘अप्रमाणित उपचार’ हे वगळणूक-कलम जवळपास प्रत्येक पॉलिसीत असतं, आणि ग्रुप कव्हर नोकरीबरोबरच संपतं.

आणि गोदाकाठ, ‘सक्ती नको’ म्हणता, पण 2023 च्या डेटा कायद्याचं कलम 7 वाचा. नोकरीच्या कामासाठी किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला संमती लागत नाही. मेंदूतल्या संकेतांसाठी वेगळी ओळ त्यात नाही. चिलीने 2021 मध्ये थेट संविधानात मेंदूच्या माहितीला संरक्षण दिलं. आपल्याकडे ते होईपर्यंत इन्क्रिमेंटच्या महिन्यात ‘ऐच्छिक’चा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको.

गोदाकाठ
ताई, डेटाचा मुद्दा बिनतोड. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. अपघातात मणका गेलेला अकाउंटंट असेल तर? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा नोकरीत वाजवी सोयी द्या म्हणतो. त्याच्यासाठी तरी कंपनीने हात आखडता घेऊ नये.

एचआरवाली
त्याच्या बाबतीत माझा विरोध नाहीच. पण तोही आज चाचणीतच शिरू शकतो, बाजारातून विकत घेऊन नाही. प्रिसिजन कंपनीच्या, मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवायच्या पातळ पट्टीला अमेरिकेत 2025 मध्ये परवानगी मिळाली, तीही 30 दिवसांपुरती. तोवर त्याला नजरेवर चालणारा कर्सर आणि व्हॉइस टायपिंग द्या. ते या आठवड्यात मिळतं.

सिन्नरफाटा
आणि मनगटं धरलेल्या पोरांचं काय?

तारयंत्र
कीपॅड कोपराच्या उंचीला आणा, पॅकिंग लिस्ट बारकोडने उचला. फारच हौस असेल तर मनगटावरचा पट्टा आहे, स्नायूंचे विद्युत्संकेत वाचणारा. मेटाच्या संशोधकांनी 2025 मध्ये त्यावर मिनिटाला जवळपास 21 शब्द दाखवले. कवटीतल्या त्या 18 पेक्षा जास्तच, आणि घरी जाताना काढून ठेवता येतो.

गोदाकाठ
ठीक. मग एक कलम सुचवतो. उद्या कोणी इम्प्लांटला पैसे दिलेच, तर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च पहिल्याच दिवशी मुदत ठेवीत टाकायचा.

एचआरवाली
ठेव कर्मचाऱ्याच्या नावावर. कंपनीच्या नावावर ठेवली आणि कंपनी बुडाली, की त्या पैशावर आधी बँक हात टाकते.