‘वायुराशी’ आणि ‘हवा बदलली’

भाची नववीत आहे. परवा भूगोल वाचता वाचता तिने विचारलं, “मावशी, वायुराशी म्हणजे काय गं? मेष-वृषभसारखी हवेची पण रास असते?” पुण्यात वाढलेल्या मुलीला ‘रास’ पत्रिकेतलीच माहीत असणार. माझं आजोळ शिरूरकडचं. तिथे सुगीत भेटेल त्याला एकच प्रश्न: “ज्वारीची रास झाली का?” संस्कृत ‘राशि’ म्हणजे ढीग, समूह. ताऱ्यांच्या समूहाला रास म्हणतात तेही त्यातूनच.

तर वायुराशी म्हणजे हवेची रास. शेकडो, कधी हजारो किलोमीटर पसरलेली आणि एका उंचीवर सगळीकडे साधारण सारखीच उबदार, सारखीच ओली. समुद्रावर, वाळवंटावर किंवा बर्फावर ती काही दिवस पडून राहिली की त्या जागेचा गुण घेते आणि निघाली की तो गुण बरोबर नेते. पोत्यातल्या ज्वारीला खळ्याचा वास येतो, तसंच.

माझा मुद्दा पुढचा आहे. आपण म्हणतो, “हवा बदलली.” इंग्रजीत एअर वेगळी आणि वेदर वेगळं, मराठीत दोन्हींना हवाच. ही मला शब्दांची गरिबी वाटत नाही. जानेवारीत पुण्यात ओठ फुटतात, दोरीवरचा टॉवेल दुपारपर्यंत कडक होतो, कारण अंगाभोवती जमिनीवरून आलेली कोरडी हवा असते. जूनच्या तोंडावर पावसाचा थेंब नसतानाही मिठाला पाणी सुटतं, डब्यातले पापड सादळतात. अरबी समुद्रावरची हवा घाट चढून स्वयंपाकघरात पोचलेली असते. हवा खरोखरच बदललेली असते, अक्षरशः.

प्रतिसाद

‘रास’ पटली. पण त्याच धड्यातली ‘आघाडी’ मुलांना कशी समजावता? त्यांना आधी निवडणूकच आठवते. मूळ शब्द फ्रंट. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानतज्ज्ञांनी तो युद्धभूमीवरून उचलला: थंड आणि उबदार राशी जिथे समोरासमोर भिडतात ती सीमा. म्हणजे मराठी शब्दही लढाईतलाच, चोख. फक्त त्या आघाड्या मध्य अक्षांशांतल्या. आपला वळीव किंवा जुलैची झड त्यांनी समजावू नये.

प्रतिसाद

मला खटकतात ते ‘व्यापारी वारे’. जुन्या इंग्रजीत ट्रेडचा अर्थ ठरलेली वाट. एकाच दिशेने सतत वाहणारा वारा तो ट्रेड विंड. व्यापाराचा अर्थ नंतर चिकटला आणि आपण नेमका तोच उचलला. ‘नेमाचे वारे’ कसं वाटतं?

मूळ लेखिका

‘नेमाचे वारे’ फार आवडलं. नेम कसला तेही त्यात सांगता येतं. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, साधारण 30 अक्षांशांपाशी खाली उतरते आणि जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे येते. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते, दक्षिणेत डावीकडे. पृथ्वीच्या फिरण्याशी या वाऱ्यांचा संबंध जॉर्ज हॅडलीने 1735 मध्ये मांडला. गंमत पुढे आहे. दक्षिण गोलार्धातले हे आग्नेयेचे वारे उन्हाळ्यात विषुववृत्त ओलांडतात, ओलांडताच उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे म्हणून येतात. वारा तोच, दिशा फिरली म्हणून नाव फिरलं, कारण वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं. ‘मोसमी’ मात्र अरबी ‘मौसिम’वरून, म्हणजे ठरलेला काळ.

भाचीला शिवाजीनगरला नेलं होतं. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून त्या इमारतीला आणि चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. ती रोज तिथूनच शाळेत जाते. तिला वाटायचं, सिमल्याची तिकिटं मिळतात तिथे. वहीत तिने आता लिहिलंय: “वायुराशी – हवेची रास. (पत्रिकेतली नाही.)”